तक्रार आल्तिनोला पोचते तेव्हा

आमच्या शाळेत गाणे शिकवायला एक फादर यायचे. बार्देशातल्या एका गावातली चर्चची शाळा ती. वर्गात निम्मी मुले हिंदू, निम्मी ख्रिस्ती. शुक्रवारी शेवटच्या तासाला आम्हाला पियानोच्या खोलीत नेत. एका सोमवारी सकाळच्या प्रार्थनेला हेडमास्तरांनी सांगितले, फादरांची बदली झाली, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. आम्ही डोळे मिटून प्रार्थना केली. त्याच आठवड्यात माझ्या बाकावरचा मुलगा शाळेत यायचा बंद झाला. वडिलांनी त्याला म्हापशाच्या शाळेत घातले, एवढेच कळले.

तीस वर्षांनी चवथीला तो गावी आला होता. जेवणे झाल्यावर आम्ही दोघे सोप्यावर बसलो होतो. वर माटोळीला बांधलेली तोरिंगे सुकायला लागली होती. बोलता बोलता मी सहज त्या फादरांचे नाव काढले आणि तो गप्प झाला. मग त्याने सगळे सांगितले, थांबत थांबत, माझ्याकडे न बघता. वडील शाळेत जाऊन भांडले होते. त्यांना सांगण्यात आले, आम्ही बघतो, पोराच्या भविष्याचा विचार करा, बाहेर बोलू नका. आठ दिवसांत बदली झाली. मित्राला घरीही कुणी काही बोलले नाही, शाळेतही नाही. इतक्या वर्षांनंतरही त्याच्या मनात रुतून बसले होते ते वेगळेच. ‘म्हाका दिसलें, म्हजीच चूक,’ तो म्हणाला. फादर गेले, सगळी शाळा त्यांच्यासाठी प्रार्थना करते आहे आणि आपल्यालाही शाळा सोडावी लागली. दहा वर्षांच्या मुलाने याचा दुसरा काय अर्थ लावायचा?

त्याने मला एकच प्रश्न विचारला. त्यांना पुढे कुठे पाठवले, तुला माहीत आहे का? मला माहीत नव्हते.

शाळेचे नाव मी लिहीत नाही, कारण लिहू नकोस असे त्याने सांगितले आहे. ते फादर आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर खटला चालवायची ही जागा नव्हे. मला बोलायचे आहे ते त्या आठ दिवसांबद्दल. एखादा बाप मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन शाळेत, इगर्जीत किंवा पणजीला आल्तिनोवर आर्चबिशपांच्या निवासस्थानी जातो, तेव्हापासून पुढच्या आठ दिवसांत धर्मप्रांत काय करतो, यावर सगळे अवलंबून असते.

गोव्यात पाद्रींच्या बदल्या हा लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. उन्हाळ्यात बदल्यांची यादी येते, ती वर्तमानपत्रांत छापून येते, गावागावांत तिची चर्चा होते. जुन्या गावचे लोक गाड्या करून आपल्या विगाराला, म्हणजे गावच्या चर्चच्या मुख्य पाद्रीला, नव्या गावी सोडायला जातात, डोळे पुसतात. ही प्रथा फार सुंदर आहे. पण बहुतेक नावांसाठी नित्याची असलेली हीच यादी एखाद्या नावासाठी पडदाही होऊ शकते. बदलीचे कारण कुणालाच सांगितले जात नसेल, तर नव्या गावातल्या आईबापांनी कशावरून ओळखायचे?

हे दुखणे फक्त चर्चचे नाही. शिक्षकाविरुद्ध, शिपायाविरुद्ध, तलाठ्याविरुद्ध तक्रार आली की बदली करायची, हीच आपल्या सगळ्या व्यवस्थेची सवय. किनाऱ्यावरच्या शाळेतला मास्तर नको झाला की त्याला सत्तरीत नाही तर काणकोणात पाठवायचे. सत्तरीतल्या पोरीबाळी कुणाच्या कुणी लागत नाहीत की काय? तक्रारीवर बदली करणाऱ्याने त्या क्षणी एवढे कबूल केलेले असते की हा माणूस या मुलांजवळ नको. मग तो त्या मुलांजवळ का चालतो, याचे उत्तर कुणीतरी द्यायला हवे.

जगभरातल्या चर्चच्या इतिहासात याच सवयीने सर्वात मोठे नुकसान केले. २००२ साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये प्रकरणे उघडकीला आली, तेव्हा लोकांना सर्वात जास्त हादरा बसला तो तक्रारी माहीत असूनही त्याच पाद्रींना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात फिरवत ठेवल्याचा. त्या वर्षअखेरीस तिथल्या कार्डिनलना पद सोडावे लागले. २०१८ साली पेनसिल्व्हेनियातल्या ग्रँड ज्युरीने सहा धर्मप्रांतांची कागदपत्रे तपासली. तीनशेहून अधिक पाद्री आणि हजारावर बळी मुले त्यांत सापडली. ती कागदपत्रे कुणी बाहेरून शोधून आणली नव्हती. धर्मप्रांतांच्याच कपाटांत ती कुलूपबंद होती. म्हणजे माहिती होती, फक्त ती जिथे जायला हवी होती तिथे गेली नाही.

आपल्याकडे ती कुठे जायला हवी, हे कायद्याने अगदी स्पष्ट सांगितले आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू आहे. त्याच्या कलम १९प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल, त्या प्रत्येकाने ते पोलिसांना कळवले पाहिजे. त्यातून शिक्षक सुटत नाही, शेजारी सुटत नाही, बिशपही सुटत नाहीत. कलम २१ त्याहून पुढे जाते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. धार्मिक किंवा शैक्षणिक संस्थेतल्या माणसाने केलेला अत्याचार या कायद्यात अधिक गंभीर गुन्हा मानला आहे, कारण मूल त्याच्याकडे विश्वासाने पाठवलेले असते. ‘आधी आम्ही आत चौकशी करतो, तथ्य वाटले तर कळवतो’ अशी सवलत त्यात कुठेच नाही.

चर्चचा स्वतःचा कायदाही आता या बाबतीत आडवा येत नाही, आणि हे पुष्कळ कॅथलिक मित्रांनाही नीट ठाऊक नसते. फेब्रुवारी २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी देशोदेशीच्या बिशप परिषदांच्या अध्यक्षांना व्हॅटिकनला बोलावले. मे महिन्यात ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ हा आदेश निघाला, आणि २०२३मध्ये तो कायमचा झाला. तक्रार करण्यासाठी प्रत्येक धर्मप्रांतात लोकांना सहज पोचता येईल अशी कायमची सोय हवी, तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याचे बंधन घालता येणार नाही, त्याला त्रास देता येणार नाही, आणि देशाच्या कायद्याप्रमाणे कळवण्याची जबाबदारी तशीच राहील, असे त्यात लिहिले आहे. डिसेंबर २०१९मध्ये अशा प्रकरणांवरचे ‘पोपचे गुपित’, म्हणजे चर्चने घातलेले कडक गोपनीयतेचे बंधन, उठवले गेले. माझ्या मित्राच्या वडिलांना ‘बाहेर बोलू नका’ असे सांगणारा माणूस आज देशाचा कायदा तर मोडेलच, शिवाय पोपचा आदेशही मोडेल.

मग अडते कुठे? माझ्या मते ते क्रमात अडते. चर्चच्या कायद्यात बिशपांनी प्राथमिक चौकशी करून अहवाल रोमला पाठवायचा असतो. त्या चौकशीला तिची जागा आहे. एखाद्याने पाद्री राहावे की नाही हे पोलीस ठरवू शकत नाहीत, ते चर्चनेच ठरवायचे. पण ही चौकशी पोलिसांच्या आधी सुरू झाली की तिचा गुणधर्मच बदलतो. मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, तीही पांढऱ्या झग्यातल्या माणसांसमोर, ज्या झग्याची त्याला आता भीती बसलेली असते. पॉक्सोमध्ये जबाब घेणाऱ्या पोलिसाने गणवेशात असू नये, शक्यतो स्त्री अधिकारी असावी, मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी जबाब घ्यावा, इतका बारीक विचार केला आहे. आल्तिनोवरच्या उंच छताच्या खोलीत, भिंतीवरच्या जुन्या बिशपांच्या तसबिरींखाली बसून दहा वर्षांचे मूल काय बोलणार? तोवर आरोपीला सगळे कळलेले असते, मोबाइलमधले मेसेज पुसले गेलेले असतात आणि मुलाच्या घरी ओळखीपाळखीचे लोक समजूत घालायला जाऊन आलेले असतात.

दुसरी अडचण माणसांची आहे. गोवा लहान. इथले बहुतेक पाद्री सालिगावच्या आणि राचोलच्या सेमिनरीत वर्षानुवर्षे एकत्र राहून, एका पंगतीत जेवून तयार झालेले. एकमेकांच्या आईबापांच्या मरणाला धावून गेलेले. त्यातल्या एकाने दुसऱ्याची चौकशी करायची म्हणजे भावाने भावाची करण्यासारखे आहे. बिशप तर आपल्या पाद्रींचे पिता मानले जातात आणि पुष्कळ बिशप ते नाते मनापासून निभावतात. म्हातारपणी, आजारपणात पाद्रीला दुसरे कोण असते? हे नाते खरे आहे, म्हणूनच बापाला न्यायाधीश करू नये. यात मी कुणाच्या हेतूवर शंका घेत नाही. माझ्या सख्ख्या भावावर कुणी आरोप केला, तर मीसुद्धा आधी त्याच्याकडेच जाईन, त्याचेच ऐकेन. मला तपास करायला बसवू नये, एवढेच.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. कुमसाराचे, म्हणजे पाद्रीसमोर खाजगीत दिलेल्या पापांच्या कबुलीचे, काय? पाद्रीने कुमसारात ऐकलेले कुणालाही सांगायचे नाही, सांगितले तर तो आपोआप बहिष्कृत होतो. शतकानुशतके पाद्रींनी यासाठी छळ सोसला आहे. पॉक्सोच्या कलम १९मध्ये कुमसारासाठी सूट लिहिलेली नाही, त्यामुळे इथे दोन कायद्यांत खरोखरच पेच आहे आणि तो मी दोन ओळींत सोडवू शकत नाही. पण हा पेच जेवढा आहे त्याहून फार मोठा करून दाखवला जातो. आईबाप विगाराच्या कचेरीत येऊन रडत सांगतात, तो कुमसार नव्हे. शिक्षिका मुख्याध्यापकांना चिठ्ठी देते, तो कुमसार नव्हे. बिशपांना पत्र येते, सहकारी पाद्रीच्या नजरेला काही पडते, वसतिगृहाची स्वयंपाकीण कुजबुजते, यातला एकही कुमसार नव्हे. बहुतेक तक्रारी अशाच वाटांनी येतात. त्या आधी पोलिसांपर्यंत जाऊ द्या, कुमसाराच्या पेचावर मग कितीही वाद घालू.

आता मी कोण बोलणारा, हा प्रश्न. मी हिंदू आहे, मराठीत लिहितो, आणि आजच्या हवेत अशा माणसाने हा विषय काढला की ख्रिस्ती मित्रांच्या कपाळाला आठी पडते. ती का पडते हे मला कळते. ऑक्टोबर २०२४मध्ये, जुन्या गोव्यातल्या शवप्रदर्शनाला दीड-दोन महिने उरले असताना, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांवरून जे रान पेटवले गेले, ते आपण सर्वांनी पाहिले. २०११च्या जनगणनेप्रमाणे राज्यात पाव हिस्सा असलेल्या समाजाला आपल्या श्रद्धेसाठी रस्त्यावर यावे लागले. अशा दिवसांत एखादी कॅथलिक आई मुलाची तक्रार घेऊन निघाली, तर घरातलेच तिला अडवतात. आत्ता नको, ‘त्यांच्या’ हातात आयते कोलीत कशाला द्यायचे? समाजावर हल्ला होतो तेव्हा त्या समाजातले मूल असे दोनदा एकटे पडते. म्हणून या विषयाचा ज्यांना धर्माच्या लढाईत दगड करायचा आहे, त्यांनी कृपा करून गप्प बसावे. अल्पवयीन मुलीवर बलात्कार केल्याबद्दल आसारामला एप्रिल २०१८मध्ये जन्मठेप झाली. त्याच्या आश्रमात पोरे पाठवणारी घरे आपल्याच आळीतली होती, आणि तक्रार करणाऱ्या त्या मुलीला खोटी ठरवायला निघालेलीही आपलीच माणसे होती. आपल्या मठांत, आश्रमांत, वेदपाठशाळांत तक्रार आली तर काय करायचे याचा लेखी नियम किती ठिकाणी आहे, हे आपण आधी जाऊन विचारावे.

तरीही मी बोलतो, कारण ही ख्रिस्ती समाजाची घरगुती बाब नाही. धर्मप्रांताच्या शाळांत आमची मुले शिकतात, पिढ्यानपिढ्या शिकत आली आहेत. माझ्या आईला तिथेच इंग्रजी आले, मला तिथेच शिस्त लागली, आणि माझी भाची आज तिथेच आहे. त्या शाळांचे ऋण मी मानतो. ज्या घरात आपली पोरे ठेवली आहेत, त्या घराची दारे-खिडक्या नीट लागतात की नाही हे विचारायचा हक्क त्या ऋणातूनच येतो.

गोव्याला हे नवीनही नाही. मडगावात अनाथ मुलांसाठी घर चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ साली पकडला गेला. तो पाद्री नव्हता. पण दानशूर, परोपकारी म्हणून त्याला मान होता, आणि त्या मानाच्या आड त्याने काय चालवले होते ते त्याच्याकडे सापडलेल्या छायाचित्रांच्या साठ्याने दाखवले. शीला बारसे यांच्यासारख्या पत्रकार-कार्यकर्तीने पाठ सोडली नाही, १९९६मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्यानंतरच्या वर्षांतच, २००३ साली, गोव्याने मुलांसाठी स्वतःचा कायदा केला, त्यात मुलांसाठी वेगळ्या न्यायालयाची सोय केली. देशात पॉक्सो यायच्या नऊ वर्षे आधी. आपल्या या लहानशा राज्याला हे आधी सुचले, कारण आपले हात आधी पोळले होते. चांगल्या नावाच्या माणसावर संशय कसा घ्यायचा, या संकोचाने किती मुलांचे आयुष्य जाते ते आपण पाहिलेले आहे.

आरोप झालेल्या पाद्रीचे काय? त्याचीही बाजू आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. आरोप खोटा असू शकतो. गावच्या मालमत्तेवरून, चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या फॅब्रिकाच्या हिशेबांवरून वैर असू शकते. पण गुपचूप बदलीत खऱ्या गुन्हेगाराइतकाच निरपराध माणूसही सापडतो. त्याच्यावरचा डाग कुठे लिहिलेला नसतो, म्हणून तो पुसताही येत नाही. जिथे जाईल तिथे कुजबुज आधी पोचते. जालंधरचे बिशप फ्रँको मुलक्कल यांना एका ननवरच्या बलात्काराच्या आरोपावरून २०१८मध्ये अटक झाली, जानेवारी २०२२मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुंबईत डिसेंबर २०२१मध्ये पॉक्सो न्यायालयाने एका पाद्रीला जन्मठेप दिली. दोन्ही निकाल कुणाला पटतील, कुणाला पटणार नाहीत. पण दोन्हीकडे पुरावा मांडला गेला, उलटतपासणी झाली, न्यायाधीशाने कारणे लिहिली आणि वर दाद मागायची वाट उघडी राहिली. बंद खोलीत यातले काहीच होत नाही, तक्रारदारासाठी नाही आणि पाद्रीसाठीही नाही.

म्हणून धर्मप्रांताकडून मला हवे आहे ते असे. तक्रार कुठल्याही दाराने येवो, ती त्याच दिवशी पोलिसांकडे जावी, आणि गेल्याची लेखी पोच मुलाच्या आईबापांना मिळावी. आरोपी पाद्रीला तपास होईपर्यंत मुलांपासून आणि वेदीपासून दूर ठेवावे. हा दोषाचा निकाल नाही, हे रविवारच्या मिस्साला स्वच्छ शब्दांत सांगावे, आणि त्यांची बदली झाली असे सांगू नये. दूर ठेवण्याचे कारण गावात सांगावे, मुलाचे नाव मात्र कधीच बाहेर येऊ देऊ नये, तो तर कायद्याचाच दंडक आहे. चौकशी समितीत पाद्री नसलेली माणसे जास्त असावीत. त्यात डॉक्टर, वकील, समुपदेशक असावेत, निम्म्याहून जास्त स्त्रिया असाव्यात, आणि शाळेचे प्रकरण असेल तर ख्रिस्ती नसलेले पालकही. मुलाच्या उपचाराचा खर्च धर्मप्रांताने उचलावा, निकालाची वाट न पाहता. दर वर्षी बदल्यांच्या यादीबरोबर आणखी एक कागद निघावा. वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती पोलिसांकडे गेल्या, किती रोमला गेल्या, किती निकाली निघाल्या. नावे नकोत, आकडे द्या. आकडा शून्य असेल तर शून्य छापा.

यात खर्च मोठा नाही, अवघड आहे ती सवय मोडणे. आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव २०२२मध्ये कार्डिनल झाले, २०२५पासून आशियातल्या बिशप परिषदांच्या महासंघाचे ते अध्यक्ष आहेत. आल्तिनोवर जी पद्धत रुळेल ती मनिलापासून कोलंबोपर्यंत पाहिली जाईल. गोव्याच्या चर्चने खाणींवर, जमिनींच्या रूपांतरावर सरकारला जाहीरपणे जाब विचारला आहे, कागद दाखवा म्हणून सांगितले आहे. ते धाडस मी आदराने पाहत आलो आहे.

माझ्या भाचीच्या शाळेत जूनमध्ये पालकसभा आहे. बहिणीला दुपारची ड्यूटी असते, म्हणून मी जाणार आहे. मी फादर मुख्याध्यापकांना विचारणार आहे की १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मुलांच्या नजरेच्या उंचीवर कुठे लावला आहे, गाण्याच्या खोलीच्या दाराला काच आहे का, आणि मागच्या पाच वर्षांत इथे बदलून आलेल्या प्रत्येक माणसाबद्दल आधीच्या जागी चौकशी केली होती का. मित्राला मी हे फोनवर सांगितले. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, तिसरा प्रश्न आधी विचार.